आईचे बावीस पासवर्ड

हिंजवडीतल्या एका कंपनीत मी लोकांना पासवर्ड बदलून देते. कामाचं नाव याहून मोठं आहे, पण दिवसभरात येणारे निम्मे फोन एवढ्यासाठीच असतात. मोठ्या हुद्द्यावरची माणसं शुक्रवारचा पासवर्ड सोमवारी विसरून आलेली असतात. मी त्यांना हसत नाही. माझा मलाच आठवत नाही, फोनमध्ये लिहून ठेवते.

ही नोकरी लागायच्या आधी एका परीक्षेची तयारी करताना मी तळेगावच्या घरातल्या कॉम्प्युटरवर नाही नाही ते प्रयोग केले होते. दर तीस दिवसांनी पासवर्डची मुदत संपणार. नवा देताना मोठं अक्षर, आकडे आणि एखादं चिन्ह लागणार. आणि आधी वापरलेला चालणार नाही. परीक्षा झाली, नोकरी लागली, मी मारुंजीला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहायला गेले. ते सेटिंग काढायचं राहूनच गेलं.

कॉम्प्युटर पुढे आईने ताब्यात घेतला. आई धाराशिवकडची. लग्न करून इकडे आली आणि चाकणच्या एका कंपनीत एकोणीस वर्षं लाइनवर उभी राहिली. गाड्यांच्या आत वायरींचे जुडगे असतात, ते ती नंबर घातलेल्या खिळ्यांच्या मोठ्या बोर्डावर तारा ओढून बांधायची. गुडघे गेले तेव्हा काम सोडलं, त्यालाही आता आठ वर्षं झाली. सध्या ती आमच्या बिल्डिंगची सेक्रेटरी आहे. ‘उद्या टाकी धुणार, पाणी भरून ठेवावे’ अशा नोटिसा एका बोटाने टाइप करते आणि जिन्यात लावते.

मागच्या एका रविवारी मला एक कागद प्रिंट करायचा होता म्हणून मी त्या कॉम्प्युटरपाशी बसले आणि आईला पासवर्ड विचारला.

आई कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “जीवाय, मग आडवी रेघ, शून्य पॉइंट पंच्याऐंशी, आडवी रेघ, एकतीस. परवाच बदललाय.”

“बदललाय म्हणजे?”

“महिना झाला की मागतंय की ते. जुना दिला तर घेत नाही.”

तेव्हा कुठे मला माझं सेटिंग आठवलं. दोन वर्षं होत आली होती.

“मला फोन का नाही केलास?”

“तू दिवसभर लोकांना तेच करून देतीस. घरी आणखी आईचं कशाला?”

“पण हे जीवाय काय आहे?”

“हिरवी तार, पिवळी पट्टी. पंच्याऐंशी तिची जाडी. एकतीस नंबरच्या खिळ्याला जायची.” ती हे असं म्हणाली, जणू शेजारच्या पोराचं नाव सांगतेय.

मी सहज विचारलं, त्याच्या आधी कुठला होता? तिने सांगितला. त्याच्या आधीचा? तोही सांगितला. मी कागद ओढला आणि लिहीत सुटले. ती निवडता निवडता सांगत होती. कुठे अडली नाही, कुठे मागे आली नाही. पहिल्यापर्यंत पोचलो तेव्हा बावीस झाले होते.

माझा विश्वास बसेना. म्हटलं, तपासूनच बघू. पासवर्ड बदलायची खिडकी उघडली आणि यादीतला एक नवा म्हणून टाकला. कॉम्प्युटरने नाकारला. दुसरा टाकला, तोही नाकारला. म्हणजे हे खरंच वापरून झाले होते. तिसरा मात्र त्याने मुकाट घेतला.

“हा चुकला बघ,” मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला जरा हायसं वाटलं.

आई हात पुसत आली. मी काय टाकलं ते एकेक अक्षर करून विचारलं. “चौदाचं तू एक्केचाळीस केलंस,” ती म्हणाली. “अशी तार आमच्या बोर्डावर नव्हतीच.”

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या मावशी आल्या. त्या मावळातल्याच, आईबरोबर त्याच लाइनवर समोरासमोर उभ्या असायच्या. मी त्यांना कागद दाखवला. चष्मा वर करून त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला.

“ह्यो तर डॅशबोर्डचा बोर्ड हाय,” त्या म्हणाल्या. “डाव्या अंगानं सुरू केलाय तुझ्या आईनं. व्हय ना गं?”

“मग काय, मनाला येईल तसा करू?” आई म्हणाली.

मग मावशींनी डावीकडची पहिली तार सांगितली, आईने दुसरी. दोघी आळीपाळीने बोलत होत्या आणि बोलताना त्यांचे हात हवेत हलत होते. उजव्या हाताने तार ओढायची, डाव्याने खिळ्यामागून वळवायची, अंगठ्याने दाबायची. समोर बोर्ड नव्हता, तार नव्हती, पण दोघींचे हात एकाच ठिकाणी थांबत होते आणि एकाच ठिकाणी वळत होते. मी खुर्चीत बसून बघत राहिले. लहानपणापासून रोज सकाळी तिला डबा घेऊन बसमध्ये चढताना मी पाहिलं होतं. तिकडे ती काय करते, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, “आई, हे सारखं बदलायचं मी बंद करून देऊ? एका क्लिकचं काम आहे.”

आई मावशींकडे बघायला लागली.

“कशापायी बंद करती?” मावशी म्हणाल्या. “डॅशबोर्डचा संपला तरी दरवाज्याचा बोर्ड अजून हाय की सगळा.”

“राहू दे,” आई म्हणाली. “त्रास न्हाई त्याचा. महिन्यातनं एकदा सगळं डोळ्यांपुढं येतं.”

त्या ‘न्हाई’मध्ये लाइनवरच्या मावळी बायकांचा आवाज होता. एरवी घरात ती ‘नाही’ म्हणते.

मी सेटिंग तसंच राहू दिलं. मघाशी माझ्या हातून लागलेला चुकीचा पासवर्ड तेवढा काढायचा होता. आईने मला उठवलं, स्वतः खुर्चीत बसली आणि एका बोटाने दरवाज्याच्या बोर्डावरची पहिली तार टाइप करायला लागली.