पालथ्या ग्लासाखालची चिप

घड्याळवाल्याला घाण म्हणून सहन होत नसे. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या घड्याळांतला मळ काढला. मग लोकांनी घड्याळं घालणंच सोडलं, तेव्हा त्याने तेच भिंग डोळ्याला लावून गाडीच्या इंजिनाचा मेंदू, म्हणजे कंट्रोल युनिटची ती चपटी पेटी, दुरुस्त करायला शिकून घेतलं.

धाकटा मेहुणा मेकॅनिक. त्याला हे सगळं थोतांड वाटे. तरी बुधवारी सकाळी त्याने एका गिऱ्हाइकाच्या गाडीची पेटी आणून टेबलावर ठेवली.

"भाऊजी, गाडी सिग्नलला बंद पडते. चिप गेलीय. पाच वाजता सुरू झाली, तर यापुढे गॅरेजमधल्या सगळ्या पेट्या तुमच्याकडे. नाही झाली, तर दुकानाला कुलूप लावून माझ्या काउंटरवर बसायचं. कबूल?"

"कबूल," घड्याळवाला ताठ मानेने म्हणाला आणि मेहुण्याची पाठ वळताच त्याने घाईघाईने भिंग डोळ्याला लावलं. काउंटरवर बसायचं म्हणजे उरलेला जन्म मेहुण्याचे विनोद ऐकायचे!

काम मात्र त्याने नेटकं केलं. जुन्या चिपमधली माहिती कॉम्प्युटरने वाचून नव्या चिपमध्ये उतरवली. बोर्ड पकडीत घट्ट बसवला. गरम हवेने जुनी चिप अलगद उचलली आणि घड्याळाचे भाग ठेवायची सवय होती तशी, बोर्डावर होती त्याच दिशेने, कागदावर ठेवून वर काचेचा ग्लास पालथा घातला. मग रिकामी जागा स्पिरिटने घासली. लख्ख घासली. इतकी, की तिथला पांढरा ठिपकाही निघून गेला. चिपवरचा ठिपका त्या ठिपक्याशी जुळवूनच चिप बसवायची असते. उलटी बसली, तर करंट देताच जळणार, आणि नवी चिप होती एकच.

"हरकत नाही," तो स्वतःशी म्हणाला, "ग्लासाखाली बघू."

ग्लास बायकोच्या तोंडाला होता. ती नुकतीच डबा घेऊन आली होती.

"अगं, याच्याखालची चिप?"

"तो किडा होय? ठेवलाय डबीत. पाणी प्यायला दुसरं भांडं आहे का या दुकानात?"

"किडा! अगं, कुठल्या दिशेला होतं तोंड त्याचं?"

"मेलेल्या किड्याचं तोंड बघत बसू?"

तो मटकन स्टुलावर बसला. त्याचा उतरलेला चेहरा बघून तिने ग्लास खाली ठेवला.

"थांबा. त्याच्यावर अक्षरं होती. मी इथे, तुमच्या समोर उभी होते. वाचायला गेले तर उलटी."

"नक्की?"

"तुम्ही पेपर धरून बसता आणि मी समोरून उलटा वाचते, तीस वर्षं. मला उलटं कळत नाही होय?"

म्हणजे त्याच्या बाजूने सुलटी. त्याने नवी चिप तशीच बसवली, एकेक पाय डाग देऊन पक्का केला.

पाच वाजता तो गॅरेजमध्ये गेला. कुलूपच लागायचं असेल तर उद्यापासून डबा कुठे पोचवायचा ते कळायला हवं, म्हणून बायकोही गेली. मेहुण्याने चावी फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि सुरू झालं. मेहुणा दहा मिनिटं हाताची घडी घालून उभा राहिला. गाडी काही बंद पडेना.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला अक्कल आहे."

"आहे. निम्मी घरून येते, डब्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने तीन पेट्या आणून टाकल्या. पण त्याच्याआधी येऊन बायकोने टेबलावर स्टीलचं भांडं आदळलं होतं.