मूठभर सरकी

यासीन गेल्याचं मला त्याच्या घरून कळलं नाही, ग्रुपवर कळलं. बुलढाण्याच्या कोर्टात पुकाऱ्याची वाट बघत व्हरांड्यात बसलो होतो. 'कपाशी कट्टा' या ग्रुपचा आवाज मी कधीचा बंद करून ठेवलेला, पण त्या दिवशी उगाच उघडला. कुणीतरी टाकलं होतं, धाडचे यासीन टेलर आज सकाळी हृदयविकारानं वारले. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मी नावं वाचत गेलो आणि माझं डोकंच फिरलं. ज्यांनी त्याला ढोंगी म्हटलं, दलाल म्हटलं, ज्यांनी त्याच्या नावावरून नको ते लिहिलं, तेच सगळे आता 'परखड माणूस हरपला' म्हणत होते. अरे, जिवंत होता तेव्हा कुठं गेलं होतं तुमचं हे कौतुक? एवढं टाइप केलं आणि मग पुसलं. त्याच्या मयतीच्या दिवशी तरी त्या कट्ट्यावर भांडण नको असं वाटलं. भांडायला समोर तोच नव्हता…

आम्ही धाडच्या शाळेत एका बाकावरचे. पुढं मी वकिलीकडे गेलो आणि तो बापाच्या शिलाई मशीनवर बसला. आमच्या वस्तीतून काळा कोट घालणारा मी पहिला, आणि तो कोट यासीननं शिवला. माप घेताना म्हणाला होता, "पोटाकडं जागा सोडून ठेवतो बे, वकिलाचं पोट वाढतेच." जागा पुरली नाही ते सोडा. शिलाईचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत, स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर, आणि गावाबाहेर थोडंसं वावर. कपाशी लावायचा. मशीनवर दोऱ्याच्या डब्याला फोन टेकवून ठेवायचा आणि पाय चालू ठेवून तोंडानं बोलून मेसेज लिहायचा. त्याचे मेसेज एका दमात असायचे, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम. पुण्याचे काही शहाणे त्याच्या वऱ्हाडीला हसायचे. तो म्हणायचा, हसू दे, हसता हसता वाचतात तर खरं.

त्या काळी ग्रुपवर एकच विषय पेटलेला होता, तणनाशकाला न जुमानणाऱ्या कपाशीचा. सरकारची मंजुरी नाही, दुकानात उघड मिळत नाही, पण वावरावावरांत दिसते. मी तिच्या बाजूनं. तण निंदायला बाई मिळत नाही, पावसाची उघडीप मिळत नाही, गवत काही दिल्लीतल्या फायलीसाठी थांबत नाही, आणि जगभर वापरलं जाणारं तंत्रज्ञान आमच्याच शेतकऱ्याला गुन्हा का, असं मी तावातावानं लिहायचो. यासीन दुसऱ्या टोकाला. त्याचं म्हणणं, ज्या बियाण्याची पावती नाही त्याला बाप नाही. उगवलं नाही तर कुणाच्या दारात जायचं? मंजूर झालेल्या बीटीतसुद्धा बोंडअळी परत आली, तेव्हा निदान पिशवीवरचं नाव घेऊन शिव्या तरी देता आल्या. आणि निंदणाऱ्या बायांचं काय, त्यांचा रोज कोण देणार, हे तो हटकून विचारायचा. कायद्याची कलमं माझ्यापेक्षा त्याच्या तोंडी जास्त. पेरणारा, विकणारा, देणारा, तिघंही गुन्हेगार, तिघांनाही तुरुंग, असं तो ठणकावून सांगायचा. ग्रुपवर आम्ही एकमेकांचे वाभाडे काढायचो आणि रविवारी त्याच्याच दुकानात बसून चहा प्यायचो. लोकांना ते कळायचं नाही.

आता जे सांगायचं आहे त्याआधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कपाशी टोबली, म्हणजे बी हातानं मातीत खोचलं, तरी सगळीच उगवत नाही. पावसानं ओढ दिली की तासात, म्हणजे ओळीत, मध्ये मध्ये जागा रिकाम्या राहतात, त्यांना आम्ही खाडे म्हणतो. खाडे लवकर भरावे लागतात, नाहीतर मागचं रोप पुढच्याच्या सावलीत दबतं. तोवर घरातली पिशवी संपलेली असते. मग धुऱ्यापलीकडचा, म्हणजे बांधापलीकडचा शेजारी मूठभर सरकी देतो. ती कोणती, कुठली, हे कुणी विचारत नाही. विचारणं म्हणजे त्याच्या देण्यावर शंका घेणं. पुढच्या वर्षी त्याचे खाडे पडले की आपण द्यायची. माझ्या आईनं दिली, यासीनच्या बापानं दिली. या मुठीची पावती आजवर कुणी फाडलेली नाही.

त्या वर्षी यासीनला सरकी दिली सुमननं. त्याच्या वावराला लागून तिचं वावर. नवरा सुरतेला कामाला, शेतीचं सगळं तिच्या एकटीवर. निंदायला बाया मिळेनात म्हणून तिनं ते बिनापावतीचं बी लावलं होतं, आणि हे अख्ख्या शिवाराला ठाऊक होतं. यासीनलाही असणारच. पण तिनं पदरात सरकी आणली, "भाऊ, खाडे भरून घ्या" म्हणाली, आणि त्यानं ओंजळ पुढं केली. रशीदाभाभी म्हणजे यासीनची बायको, त्यांनी आणि यासीननं मिळून एका दुपारी खाडे भरले. सुमनच्या घरी पावतीची आणि बिनापावतीची अशा दोन्ही सरक्या होत्या, डबा कोणता हाती आला ते तिनंही पाहिलं नाही.

पुढं महिनाभरानं सुमननं आपल्या वावरात तणनाशक मारलं. वारा फिरला आणि फवारा धुऱ्यावरून यासीनच्या कपाशीवर आला. काही दिवसांत त्याच्या कडेच्या तासांची पानं पिवळी पडली, मुरगळली, झाडं माना टाकू लागली. तो नुकसान बघायला गेला आणि जागच्या जागी थिजला. जळालेल्या तासांत मध्येच एक झाड हिरवंगार. चार पावलं सोडून आणखी एक. जिथं जिथं खाडे भरले होते, नेमकी तिथलीच झाडं उभी. काय झालंय ते त्याला लगेच कळलं. ज्या बियाण्याविरुद्ध तो जगाशी भांडत होता, ते त्याच्याच वावरात, त्याच्याच हातानं लागलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो बुलढाण्याला माझ्या घरी आला. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. टेलर माणूस, आणि बटण तुटलेलं! मी त्याच्या फोनवरचे फोटो पाहिले आणि आधी हसलो, मग त्याचा चेहरा पाहून हसू आवरलं. वकील म्हणून मी सरळ सांगितलं, उपटून टाक, जाळून टाक आणि तोंड बंद ठेव. जळालेल्या तासांत चार झाडं कमी दिसली तर कोण मोजतंय? तो म्हणाला, मग ग्रुपवर कोणत्या तोंडानं बोलू? मी म्हटलं, बरं, मग खरं सांग. तर म्हणाला, खरं सांगितलं की पहिला सवाल येईल, बी दिलं कोणी. त्याचा चहा थंड होऊन गेला. आयुष्यभर वाद घालणारा माणूस इतका घाबरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि भीती स्वतःसाठी नव्हती. देणाऱ्यालाही तुरुंग हे कलम त्यानं स्वतःच शंभरदा लोकांना ऐकवलं होतं. आता त्या कलमाला सुमनचा चेहरा आला होता.

मी त्याला डिवचलंच. नाव लपवलंस तर तूच कायदा मोडतोस, म्हटलं.

"हाव, मोडतो," तो म्हणाला. "तिनं मले मूठभर सरकी देली. बी म्या टोबलं. लिहून घे."

आणि त्यानं ग्रुपवर टाकलं. फोटोसकट. माझ्या वावरात बेकायदा झाडं आहेत, चूक माझी आहे, ज्याला पाहायचं त्यानं या आठवड्यात येऊन पाहावं, नंतर मी उपटणार, आणि बी कुठून आलं ते मी सांगणार नाही. बस, मग काय विचारता! त्याच्या बाजूचे म्हणाले, गद्दार निघाला, देणाऱ्याचं नाव लपवतो म्हणजे साखळीतलाच आहे. माझ्या बाजूचे म्हणाले, बघा, ढोंग्याच्याच वावरात. मी त्याच्या बचावाला उतरलो तर मलाही धुतलं. एकानं त्याच्या धर्मावरून लिहिलं. यासीन प्रत्येकाला उत्तर देत होता, त्या एकाला सोडून. मग कुणीतरी ते फोटो शेतकी खात्यापर्यंत आणि पोलिसांपर्यंत पोहोचवल्याचं जाहीर केलं. "आता येतीलच टेलरकडे माप घ्यायला," असं लिहून वर हसरे चेहरे. धाड कुठं आहे हे त्या माणसाला नकाशावर दाखवता आलं नसतं, पण यासीनची झोप त्यानं एका ओळीत उडवली.

कुणी पाहायला आलं नाही. आठवडा उलटल्यावर नवरा-बायकोनं ती हिरवी झाडं उपटली आणि धुऱ्याच्या आत जाळली. पिवळी पडलेली आपोआप गेली. तेवढी कड त्या वर्षी उघडीबोडकी राहिली. पण यासीनचं पोलिसांची वाट बघणं तिथून सुरू झालं. त्याचं घर रस्त्यावर, आणि धाडला दिवसभर जीपा थांबतात. सवारी घ्यायला थांबतात, उतरवायला थांबतात, ड्रायव्हरला तंबाखू खायची म्हणूनही थांबतात. प्रत्येक जीपेला यासीन मशीनवरून उठायचा. खुंटीला एक पांढरा शर्ट इस्तरी करून टांगलेला असायचा, तो अंगात घालायचा, गळ्यापर्यंत बटणं लावायचा, डोक्यावर टोपी ठेवायचा आणि दारात उभा राहायचा. जीप गेली की शर्ट काढून परत खुंटीला. रशीदाभाभींनीही त्याच्याबरोबर कान लावून बसायला शिकून घेतलं. गाडी थांबली की भाभीच शर्ट काढून हातात द्यायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, अरे, असल्या प्रकरणात इतक्या उशिरा कोण येतो? तर म्हणाला, "येणार नाईत हे मले बी समजते. पण पायाले समजत नाई ना."

सुमन या सगळ्यात दोनदा-तीनदा त्याच्या दारात आली. माझं नाव सांगून टाका, म्हणाली, तुमचं असं उठणं-बसणं माझ्यानं बघवत नाही. तो तिच्यावर ओरडला. तिला वाटलं, भाऊ आपल्यावर रागावले. नंतर भाभींनी तिला सांगितलं, रागावलेले नाहीत, घाबरलेले आहेत, तुझ्यासाठी. त्यानंतर ती यायची, पण तो विषय काढायची नाही. पुढच्या हंगामात यासीननं एक पिशवी जास्तीची, पावतीसकट आणली आणि तिच्या ओट्यावर नेऊन ठेवली. तिनं ती लावली का, ते मला माहीत नाही. त्यानंही विचारलं नाही.

ग्रुपवर तो बोलत राहिला. मोबाइलवरच्या बातम्या खऱ्या का खोट्या, ड्रोननं फवारणी करावी का, शाळेतल्या पोरांच्या हाती फोन द्यावा का, सगळ्यावर त्याचं मत होतं आणि ते ठाम होतं. फक्त कलमं सांगणं त्यानं सोडलं. माणूस बदलला का, तर नाही. त्या बियाण्याबद्दलचं त्याचं मत शेवटपर्यंत तेच होतं, माझं मत आजही माझंच आहे. फक्त भांडता भांडता मी मध्येच थांबतो आता. समोरच्या माणसाचा धुरा कुणाच्या धुऱ्याला लागून आहे, याचा विचार येतो आणि बोट थबकतं. हे मला आवडत नाही, पण होतं खरं.

चाळिसाव्याला मी धाडला गेलो. जेवणं झाली होती, पाहुणे पांगले होते. पुढच्या खोलीत मशीनवर चादर टाकलेली, दोऱ्याचा डबा जागच्या जागी, आणि खुंटीला तो पांढरा शर्ट, इस्तरी केलेला. भाभी माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. सुमन दाराशी बसली होती. तेवढ्यात बाहेर करकचून ब्रेक लागला. जीप थांबली. भाभींनी कप माझ्या हातात टेकवला न टेकवला तोच त्या वळल्या, खुंटीवरचा शर्ट काढला, झटकला आणि मशीनकडं हात लांब करून उभ्या राहिल्या. मशीनवर फक्त चादर होती. त्यांना ते कळायला क्षणभर वेळ लागला… मी तर कप हातात घेऊन उभाच राहिलो होतो. माझेही पाय उठले होते.

सुमन उठली. तिनं भाभींच्या हातातून शर्ट घेतला, खांद्याची घडी नीट केली आणि परत खुंटीला लावला. म्हणाली, "भाभी, आता कोणी आलं तर माह्या घरी येऊ द्या." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "वकीलसाहेब, तुम्ही पेपरात लिहिता. लिहा माह्यं नाव."

मी हो म्हणालो. बाहेरची जीप सवारी घेऊन निघून गेली. येताना यासीनच्या वावराशी थांबलो. भाभींनी यंदा कपाशी लावली आहे, खाडे पडलेत, आणि काही भरलेले दिसले, ओली माती वर आलेली. कुणाच्या सरकीनं भरले, ते विचारायला मी परत फिरलो नाही.

तर हे लिहिलं. तिला दिलेला शब्द मात्र मी पाळत नाही. सुमन हे तिचं नाव नाही. नवरा सुरतेला नाही, आणि तिचं वावर यासीनच्या कोणत्या बाजूला आहे तेही मी लिहिलेलं नाही. यासीनच्या वावराला चारी बाजूंनी शेजारी आहेत. ज्याला विचारायचं असेल त्यानं जीप घेऊन धाडला यावं. शर्ट अजून खुंटीला आहे, आणि यासीन बोलणार नाही.