कृष्णेत सोडलेला गूळ

गुळाचा वास आला की मला ती सकाळ आठवती. बोटीनं लढाईवर गेलेल्या धन्याचं पत्र आलं, 'मुंबईपेक्षा हिकडचा समुद्र लय खारट, नुसतं ऊन, पाऊस न्हाई.' मला वाटलं, ह्यो माणूस पिणार काय? तान्ह्या लेकराला कडेवर घिऊन पळत सुटले आन् समुद्राला जाऊन तिथलं पाणी गोड करू दे म्हणून कृष्णामाईत गुळाचा मोठा खडा सोडला. मागनं मामंजी आलं. "आगं, नद्याच दगडामातीतलं मीठ समुद्रात नेत्यात. ऊन निस्तं पाणी उडवतं, मीठ तिथंच ऱ्हातं. आन् आपली कृष्णा जाती उगवतीच्या समुद्राला, तुझा धनी गेलाय मावळतीच्या." मी धापा टाकत इचारलं, "मग तिकडं कंची नदी जाती?" मामंजींनी लेकराला घेतलं आन् घराकडं चालू लागलं. बोटीवर गोडं पाणी भरून नेत्यात, हे धनी परत आल्यावर कळलं. पर तिकडं कंची नदी जाती, ते मी अजून इचारतीया.