चाकं नसलेलं विमान

आमच्या विमानाला आधी चाकं नव्हती. कॉलेजमागचं मैदान खडबडीत, चाकं अडकणार, म्हणून ते हाताने फेकून उडवायचं असं आमच्या गटात ठरलं होतं. एकाने रिमोट धरायचा, दुसऱ्याने पळत जाऊन फेकायचं. रिमोट माझ्याकडे होता. फेकणार होते माझे बाबा.

हे त्यांनीच ठरवलं. जोडणी मी आमच्या घाटकोपरच्या खोलीत करायचे. पंख थर्माकोलसारख्या फोमचे, मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या, त्या हलवायला काडेपेटीहून लहान मोटारी. मी स्क्रू पिळत बसले की बाबा शेजारी येऊन बसायचे. ते अंधेरीतल्या ऑफिसांत पाण्याचे जार पोचवायचे. आमच्याकडे कॉलेजपर्यंत गेलेली मी पहिलीच. मी तिथे नेमकं काय शिकते ते त्यांना कळत नसे आणि खरं तर मलाही धड सांगता येत नसे. विमान मात्र समोर दिसत होतं.

"काय गो, ह्यां उडतला मां?" खूश असले की त्यांच्या तोंडी गावची बोली यायची.

"उडेल. पण फेकायला कोणीतरी दमदार पाहिजे."

"मग मी काय हवा खायला बसलोय?"

पहिल्यांदा त्यांनी विमान उचललं ते जारसारखंच. मी "हळू" म्हणेपर्यंत फोममध्ये बोटं रुतली होती. पोटाखाली एका बाजूला चार खळगे, दुसऱ्या बाजूला अंगठ्याचा एक.

"वाट लागली," बाबा म्हणाले. "अगं, याला वजनच नाय! रिकामा जार पण याच्यापेक्षा भारी."

"लेकीचं विमान आहे ते," आई ओट्यापाशी हसायला लागली. "खांद्यावर नका घेऊ."

त्यानंतर ते टॉवेलाची गुंडाळी घेऊन गॅलरीत पळण्याचा सराव करायचे. शेजारच्या काकू म्हणायच्या, "भावजी, बॉलिंग टाकताय की काय?"

दसऱ्याला आम्हा दोघांनाही सुट्टी होती. त्याच दुपारी उडवायचं होतं. पण सकाळी उठून बघते तर बाबांनी पाटावर स्क्रूड्रायव्हर, रिमोट आणि विमान मांडून पूजा केलेली. विमानाच्या नाकावर हळदकुंकू, पंखावर झेंडूचं फूल.

"आता संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाय," ते म्हणाले.

"बाबा, दसऱ्याला तर लोक नवीन काम सुरू करतात ना!"

"पूजलेल्या हत्याराला आज आराम. माझ्या ट्रॉलीला पण आहे. रविवारी उडवू. विमान कुठे पळून जातंय?"

शनिवारी अंधेरीतल्या एका इमारतीच्या जिन्यात त्यांनी जार खाली ठेवला आणि पायरीवर बसले. तिथून ते उठलेच नाहीत.

विमान कपाटावर पडून राहिलं. दिवसकार्य झालं, कॉलेज सुरू झालं. गटातला मित्र म्हणाला, "मी फेकतो ना यार, तू फक्त रिमोट धर." मनाने चांगला आहे तो. मी हो म्हटलं. तो घरी आला, त्याने विमान उचललं आणि खळगे बघून म्हणाला, "हे भरून टाकू या, पकड नीट बसेल." आईनेच विमान त्याच्या हातातून घेतलं आणि त्याला चहा दिला.

तो गेल्यावर मी चाकं बसवायची ठरवली. चाकं असली की फेकावं लागत नाही.

पोटाखाली एक पट्टी चिकटवायची आणि तिच्यात चाकांची तार अडकवायची, काम तेवढंच. पण पट्टीची जागा नेमकी बोटांच्या खुणांवर येत होती. मी ती पुढे सरकवली. मग पंखांखाली दोन बोटं धरून तोल बघितला, तर नाक खाली. बॅटरी मागे घेतली, तरी खाली. अजून मागे घ्यायला आतला फोम कोरावा लागला. कोरताना मी रडत होते, त्यामुळे कड वाकडी आली आहे. शेवटी विमान बोटांवर सरळ राहिलं. नाकावरचं कुंकू मी पुसलं नव्हतं.

चाकांना सपाट जागा हवी, म्हणून आम्ही गोराईला गेलो. ओहोटीनंतर तिथली वाळू कडक होते. होडीत आईने विमान मांडीवर धरलं होतं.

मी रिमोटची काडी हळूहळू पुढे केली. विमान वाळूवरून धावलं, एकदा डगमगलं, मग चाकं सुटली. वर गेल्यावर मी ते डावीकडे वळवलं आणि ते वळलं. मी जोडलेलं सगळं चाललं. माझ्या शेजारी कोणी पळून दमलेलं नव्हतं.

आई कपाळावर हात धरून बराच वेळ वर बघत राहिली.

"ह्यांनी फेकलं असतं ना," ती म्हणाली, "तर याच्याहून वर गेलं असतं."

फेकण्याने उंची वाढत नाही. ती मोटर आणि पंख ठरवतात, एवढं तरी मी शिकले आहे.

"हो," मी म्हटलं.