वाकळेचा मधला तुकडा

कापडाला नुसता अंगठा लावला तरी ते किती धुतलेलं आहे आणि अजून किती टिकेल, हे मला कळतं. ही विद्या मला कुणी शिकवली नाही. सोलापुरात गिरणीच्या चिंध्यांचा व्यापार मी एकटीनं उभा केला, त्यात ती आपोआप अंगात आली. मंगळवारच्या बाजारात माझ्या गाठोड्यापुढे घासाघीस करायला बाया दोघी-तिघी मिळून येत, कारण एकटीचा माझ्यापुढे टिकाव लागत नसे. मी तापट आहे, हेही सगळ्या बाजाराला माहीत होतं. माझं काय चुकलं ते मी सांगणारच आहे, पण आधी माझ्या वाट्याला काय आलं ते सांगते.

तापाच्या साथीत नवरा गेला तेव्हा मी वीस वर्षांची होते. सासरी कुणी ठेवून घेतलं नाही, म्हणून वळसंगला भावाकडे आले. दीड वर्ष त्या घरात आणि त्यांच्या शेतात राबले. दिवाळीला वहिनीनं शेतावरच्या बायांना नवी लुगडी वाटली. रांगेच्या शेवटी मी उभी होते. माझी पाळी आली तेव्हा वहिनी आत गेली आणि स्वतःचं जुनं इरकल घेऊन आली. किरमिजी काठाचं, नेसून नेसून विटलेलं. मागं फाटलं होतं तिथं पिवळ्या खणाचं चौकोनी ठिगळ लावलेलं होतं.

सगळ्यांच्या देखत म्हणाली, "तुला कुटं जायाचंय नवं नेसून?"

एक बाई हसली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. माझा भाऊ, अण्णा, कट्ट्यावर दावं वळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी तेच लुगडं नेसून मी पायी सोलापूरला निघाले. कुठं जायचंय ते दाखवायलाच. शिवेपर्यंत माझ्या मागं एकच माणूस आलं, भावाची पाच वर्षांची पोर. "आत्या, मला पण ने" म्हणून पदराला लोंबकळत होती. तिला हिसडा देऊन परत लावलं. ते अजून हाताला आठवतं.

पुढच्या तेरा-चौदा वर्षांत मी त्या घरी फक्त दोनदा गेले, दोन्ही वेळा त्या पोरीसाठी. एकदा तिच्या तापात, एकदा तिच्या लग्नात. ती शाळेत चार बुकं शिकली आणि मला कार्ड टाकायला लागली. माहेर म्हणून माझ्याकडे जे काही उरलं होतं, ते म्हणजे ती कार्डं.

तिच्या पहिल्या बाळंतपणाचं कार्ड आलं तेव्हा मी बाजारात होते. लिहिलं होतं, मुलगा झाला, आईकडेच आहे, पुढच्या आठवड्यात बारसं आहे. खाली लिहिलं होतं, 'बाळाला वाकळ आत्यानंच शिवावी असं माझ्या मनात आहे. नवीन कापड नको. घरच्या माणसांच्या जुन्या लुगड्यांची शीव.' अण्णाचं किंवा वहिनीचं बोलावणं नव्हतं. नुसतं तिचं.

बाळाला जुनंच कापड लागतं, हे बरोबर आहे. धुऊन धुऊन मऊ झालेलं. पण माझ्याकडे गाठोडीच्या गाठोडी चिंध्या होत्या त्या सगळ्या गिरणीच्या, कोऱ्या, खळीनं कडक. माझी स्वतःची दोन जुनी लुगडी निघाली. आणि त्या घरचं जुनं कापड माझ्यापाशी एकच होतं. ते ट्रंकेच्या तळाशी होतं. नेसायचं मी कधीच सोडलं होतं, पण फेकलं नव्हतं. कशाला ठेवलं होतं ते त्या दिवशी माझं मलाच समजलं.

वाकळेत विटकं कापड आतल्या थरांत जातं आणि रंगाचं, नक्षीचं वर येतं. ही साधी गोष्ट आहे. मी उलटं केलं. लुगड्याचा ठिगळाचा भाग कापला आणि पिवळा चौकोन वर ठेवून तो तुकडा बरोबर मधोमध, वरच्या अंगाला लावला. भोवती हिरवे, निळे, तांबडे तुकडे अशा बेतानं मांडले की डोळा मध्येच जावा. कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं, बाळाला मऊ लागतं. वहिनीला मात्र ते बघताक्षणी ओळखू येणार होतं, आणि चार बायकांत तिला एक अक्षर बोलता येणार नव्हतं. इतका पक्का सौदा मी आयुष्यात केला नव्हता.

शेजारची तेलुगू विणकराची बायको दारात बसून मागाच्या सुताच्या कांड्या भरायची. तिनं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी बोललीच.

"अक्का, जुना आत घालतात ना? वर कशाला?"

"माझी मर्जी."

"वाकळ बाळाला देते, का बाळाच्या आजीला देते?"

त्या घराची हकीकत तिला मीच कधीतरी सांगितली होती. मी तिच्यावर अशी ओरडले की तिच्या हातातली कांडी घरंगळत गटारीपर्यंत गेली. पण त्यानंतर माझा टाका नीट पडेना.

आमच्याकडे वाकळ उपाशी देत नाहीत. शेवटच्या तुकड्याची एक बाजू मोकळी ठेवायची, त्यातून भाकरीचा तुकडा आत सारायचा आणि मग ती बाजू शिवून टाकायची. वाकळेचं पोट भरलं म्हणजे तिच्याखाली निजणाराचं भरलेलं राहतं. हा शेवटचा तुकडा म्हणजे तोच मधला. तीन बाजूंनी मी त्याला कच्चे टाके घातले होते, एका ओढीत निघतील असे. चौथी बाजू उघडीच ठेवली. तुकडा वर ठेवायचा की आत घालायचा, ते बारशाच्या सकाळपर्यंत ठरवीन म्हणाले. सकाळ झाली तरी ठरेना. शेवटी दोरा ओवलेली मोठी सुई त्या तुकड्याशेजारी टोचली, घरची भाकरी फडक्यात बांधली आणि वाकळ काखोटीला मारून अक्कलकोटकडे जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीपाशी गेले.

मोटारवाला म्हणाला, "मावशी, गठुळं टपावर टाका."

"टपावर तू बस. हे बाळाचं हाय."

"तुमचं बाळ?"

"तुझ्या तोंडाला लागायला मला येळ न्हाय. सरक."

लोक हसले. मी जागा मिळवली आणि वाकळ मांडीवर घेतली.

पण मन जागेवर नव्हतं. वहिनी गप्प बसली तर ठीक. पण तिला राग आवरला नाही तर? बारशाला पोरीची सासू येणार होती, सासरच्या दोघी-तिघी येणार होत्या. त्यांच्यापुढे जुनी भांडणं निघाली तर तिचं माहेर कसलं आहे ते सगळ्यांना कळणार, आणि ते टोमणे तिला सासरी बसून जन्मभर ऐकावे लागणार. वहिनीला मारलेला टोला पोरीला लागणार होता. आणि असं झालं की मला पुन्हा कार्ड येणार नव्हतं. होटगी मागं पडलं तेव्हा मी सुई काढली, टाके उसवायला लागले. एक उसवला. मग 'तुला कुटं जायाचंय' हे शब्द जसेच्या तसे कानात आले, त्या आवाजात. सुई पुन्हा टोचून ठेवली.

दारात वहिनी म्हणाली, "या वन्सं, बसा."

पूर्वी मला ती तू म्हणायची. आता माझं नाव झालं होतं, म्हणून तुम्ही. मी बसले.

पाळणा सजला होता. आणलेली एकेक वस्तू वहिनी हातात घेऊन बायकांना दाखवत होती. अंगडं, टोपडं, वाळे. मग माझं गाठोडं सोडलं. वाकळ उलगडली आणि तिचा हात मध्यावर गेला. बोट पिवळ्या चौकोनावर थांबलं.

गिऱ्हाइकाचा चेहरा बघून मी त्याच्या मनातला भाव सांगते. त्या क्षणी मी तिच्या तोंडाकडे तशीच बघत होते. तिचा रंग उतरला. पोरगी बाळ मांडीवर घेऊन बसली होती. ती एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली. पाच वर्षांची असली तरी त्या दिवाळीला ती तिथंच होती. ती विसरली नव्हती.

वहिनीनं वाकळ उंच धरली.

"वळखलं का? माझं इरकल हाय हे!" ती बायकांना म्हणाली. "माज्या लेकीसाठी, नातवासाठी आमच्या वन्संनी इतकी वर्सं जपून ठिवलं बगा. कोन ठिवतंय आजकाल?"

"लई माया की," विहीणबाई म्हणाल्या.

सगळ्या बायकांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं.

 चौदा वर्षं उराशी धरलेली वस्तू मी तिच्या हातात दिली होती, आणि तिनं सगळ्यांसमोर ती आपल्या नावावर करून घेतली. एवढ्या सफाईनं मला कधी कुणी फसवलं नव्हतं. सांगून टाकावं, आत्ता, कसं दिलं होतं ते. तोंड उघडलंही.

"आत्या," पोरगी हळूच म्हणाली, "वाकळंचं पोट भर की. बाळ उगडं पडलंय."

मी तोंड मिटलं. वहिनी स्वयंपाकघरातून भाकरी आणायला उठली.

"बसा तुमी," मी म्हणाले. "माज्या घरची आनलीय मी."

भाकरीचा तुकडा आत सारला आणि टाके घातले. जवळजवळ, पक्के, चारी बाजूंनी. सगळा राग टाक्यात जात होता. सुई एकेकदा आत जायची ती कुठून बाहेर येतेय हेही बघत नव्हते. कुणीतरी पाळणा म्हणायला सुरुवात केली, कुणीतरी बाळ माझ्या हातात दिलं, मी दोरा दातानं तोडला. वाकळ पाळण्यात गेली.

"जेवून जावा," वहिनी म्हणाली.

"मोटार चुकंल," म्हणाले आणि निघाले.

फाट्यावर लिंबाखाली मोटारीची वाट बघत उभी होते. सवयीनं हात खांद्याकडे गेला. शिवून झालं की सुई मी चोळीच्या खांद्याला टोचते, ती तिथं आहे का ते चाचपते आणि मगच उठते. इतक्या वर्षांत त्यात खंड पडलेला नव्हता.

खांद्याला सुई नव्हती.

ओचा झटकला. पदर, फडकं, सगळं झटकलं. मोटार समोर येऊन थांबली. मोटारवाला म्हणाला, "चला मावशी, आता जागा हाय." मी उलटी वळले. त्या उन्हात मी गावापर्यंत पळाले. लोक बांधावर उभे राहून बघत होते. पाळण्यात वाकळ, वाकळेवर बाळ, आणि वाकळेत बोटभर लांब सुई. माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काही नव्हतं.

वहिनी दारात ताट घेऊन उभी होती. "काय इसरलं, वन्सं?"

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "सुई. वाकळंत."

 ताट हातातून खाली पडलं. तिनं आत धाव घेतली, झोपलेलं बाळ उचललं, पोरीच्या हातात दिलं. ते रडायला लागलं. आम्ही दोघींनी त्याचं सगळं अंग बघितलं. कुठं काही लागलं नव्हतं. सासरची माणसं पडवीत जेवत होती. वहिनीनं दार लोटून घेतलं आणि वाकळ जमिनीवर पसरली. तिच्या एका कडेला ती, दुसऱ्या कडेला मी. तळव्यांनी दाबत, वीत वीत चाचपत आम्ही मध्याकडे आलो.

"हितं," ती म्हणाली आणि बोट तोंडात घातलं. बोटाला रक्त आलं होतं.

पिवळ्या ठिगळाखाली. थरांमध्ये तिरकी गेली होती, टोक वर करून. मी रागानं घातलेले टाके इतके घट्ट होते की उसवायला दातांनी तोडावे लागले. मधला तुकडा सुटा झाला. सुई निघाली. भाकरीचा चुरा जमिनीवर सांडला.

बाळ शांत झालं. मग मी तो तुकडा उचलला आणि म्हणाले, "आत घालते ह्यो. वर दुसरा लावते."

"वरच लाव," वहिनी म्हणाली. 'तुम्ही' गेलं होतं, 'तू' आलं होतं. "माझं म्हनून सांगून बसलेय मी."

"मग कसं दिलतं ते बी सांगा."

ती पिवळ्या ठिगळाकडे बघत राहिली. बोट अजून तोंडातच होतं.

"मला वाटलं, तू कवाच जाळलं असशील," ती म्हणाली. चूक झाली असं म्हणाली नाही. ते तिच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही.

ती उठून चुलीपाशी गेली आणि तिच्या भाकरीचा तुकडा घेऊन आली. मी जमिनीवरचा माझ्या भाकरीचा चुरा गोळा करत होते. तिनं हात पुढं केला. मी तो तुकडाही घेतला आणि दोन्ही आत सारले. मग तुकडा होता तिथंच, वरच्या अंगाला, मोठ्या टाक्यांनी शिवला. वहिनी शेजारी बसून प्रत्येक टाक्याला सुई वर आली का ते बघत होती. शेवटी मी सुई चोळीला टोचली तेव्हा तिनं हात लांब करून माझ्या खांद्यावर ती चाचपून पाहिली.

पोरीनं वाकळ पाळण्यात घातली आणि बाळाला मधोमध निजवलं. मी अंगठा लावून बघितलं. सगळ्या वाकळेत सगळ्यात मऊ तोच भाग होता.