अण्णांच्या मासिकांना मी लावलेली शिस्त

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर जपलेल्या संग्रहाची मी तीन रविवारांत वाट लावली, आणि तीही अत्यंत पद्धतशीरपणे.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, गारखेड्यात आमच्या मागच्याच गल्लीत एकटे राहायचे. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. गाण्यांच्या नव्या तबकड्यांची माहिती देणारं एक मासिक अण्णा कितीतरी वर्षं घेत आले. मासिक बंद पडलं, पण अंक सगळे शाबूत. पुढं डोळ्यांनी दगा दिला, तेव्हा ते मला म्हणाले, "जावईबापू, याची एक फेरिस्त करून द्या. कोणतं गाणं कोणत्या अंकात हाय ते कळलं, की कुणाकडूनबी काढून घेता येतं."

मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. (कारखान्यातले सगळे नटबोल्ट मला तोंडपाठ होते. बायकोचा वाढदिवस नव्हता.) लगेच कामाला लागलो. वर्षवार गठ्ठे, अंकाला नंबर, गाण्यागणिक एक कार्ड! दुसऱ्या रविवारी लक्षात आलं, की बऱ्याच अंकांच्या दोन-दोन प्रती आहेत. एक कोरी करकरीत आणि दुसरी मळकी, समासात पेन्सिलीनं काहीबाही खरडलेली. आता स्टोअरचा नियम साफ आहे. चांगला माल मांडणीवर, वापरलेला भंगारात.

"अण्णांना विचारा आधी," बायको म्हणाली.

मी नुसता हसलो. मळक्या प्रती पोत्यात भरून रद्दीवाल्याला दिल्या आणि रजिस्टरात लाल शाईनं 'निकाली' असा शेरा मारला.

तिसऱ्या रविवारी सूची अण्णांच्या हाती दिली. त्यांनी कार्डांवरून बोटं फिरवली. खूश झाले.

"झकास. आता तुमच्या सासूबाईंचे अंक द्या."

"कोणते?"

"ते दुसरे. मी माझ्या अंकाला कुणाला हात लावू द्यायचो नाय, म्हणून तिनं हट्टानं स्वतःची वर्गणी भरली होती. तबकडी लावून बसायची अन् समासात काय काय लिहायची. मला कधी दाखवलं नाय. मी बी विचारलं नाय. आता मंगलकडून वाचून घ्यावं म्हणलं."

मंगल म्हणजे माझी बायको. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं.

"आणतो. जरा दुसऱ्या मांडणीवर आहेत," मी म्हणालो.

रद्दीवाला म्हणाला, "वो पोता तो दौलताबाद गया साब. सीताफलवाली मावशी ले गई."

स्कूटर काढली. मागं मंगल. दौलताबादपर्यंत तिनं माझ्या खांद्याऐवजी मागची स्टेपनी धरली, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळखावं. किल्ल्याखाली मावशी पाटी मांडून बसलेली, आणि प्रत्येक पुड्याला सासूबाईंचं अक्षर!

"मावशी, कागद विकत द्या."

"कागद कसा इकू? सीताफळ घ्या, कागद संगं येतोय."

घेतली. पण बाकीची गिऱ्हाइकं फळ दाबून बघत होती आणि मी कागद उलटून. "हे नको, ते द्या. छे, त्यावर गाण्याची जाहिरातच आहे." मावशी माझ्या डोक्याची काळजी वाटल्यासारखी बघू लागली. दोन पिशव्या सीताफळं घेऊनही माझ्या हाती पाच पानंच आली होती.

शेवटी मंगलच पुढं झाली. "मावशी, ते माझ्या आईचं लिहिलेलं आहे. ती आता नाही."

मावशीचा हात थांबला. तिनं बसल्या जागेखालून अख्खं पोतं ओढलं. "आदी सांगायचं नाय व्हय, बाई? घेऊन जा. लई फाडलं नाय मी." पैसे तिनं घेतलेच नाहीत. मला फार लाज वाटली.

घरी येऊन अण्णांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी पोतं चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "घावले ना? मग वाचा. तुमीच वाचा."

मी वाचत गेलो. कुठं गाण्याला दाद होती, कुठं अण्णांच्या खोकल्याची चिंता. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. एका समासाशी मी अडखळलो.

"थांबू नका," अण्णा म्हणाले.

वाचावंच लागलं. "आज मंगलला बघायला मुलगा आला होता. मनानं चांगला आहे. पण आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटतं. मंगल सांभाळून घेईल."

सासूबाई गेल्यापासून अण्णा पहिल्यांदा खदाखदा हसले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले. "याचं बी कार्ड करा, जावईबापू."

केलं. पाहुणे आले, की अण्णा अजूनही सगळ्यात आधी तेच कार्ड काढायला लावतात, आणि वाचून दाखवायचं काम माझ्याकडं असतं.