भोवऱ्याचं विमान आणि फिरती खुर्ची

गल्लीच्या तोंडाशी, पावाच्या दुकानाला खेटून एक केशकर्तनालय होतं. पाटीवर मालकाचं नाव ठसठशीत रंगवलेलं होतं, तरी अख्खी वस्ती त्याला भोवरा म्हणायची. नाव चिडवायलाच पडलं होतं. कारण भोवरा फिरला की उभा राहतो आणि हा फिरला की आडवा व्हायचा.

त्याला नाद होता तारेवरच्या विमानांचा. म्हणजे हलक्या लाकडाचं, दोन हात लांब पंखांचं विमान. त्याच्या नाकावर मुठीएवढं खरंखुरं इंजिन. आणि पंखातून निघालेल्या लांबलचक पोलादी तारा थेट मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या दांडीला बांधलेल्या. विमान त्या माणसाभोवती गोल गोल फिरतं, आणि त्याच्याबरोबर माणसालाही फिरावं लागतं. मनगट वाकवलं की विमान वर-खाली होतं. बोटाशी एक घोडा असतो, तो दाबला की इंजिनाचा वेग वाढतो, सोडला की कमी होतो.

त्यातही भोवऱ्याचा जीव जडला होता तो जहाजावरच्या विमानांवर. गवतावर फळ्या मांडून जहाजाची डेक करायची. तिथून विमान उडवायचं, सात फेऱ्या जिवाच्या आकांताने पळवायचं, मग सात फेऱ्या जितकं रेंगाळवता येईल तितकं रेंगाळवायचं, आणि शेवटी डेकवर आडव्या टाकलेल्या दोरीत शेपटीचा आकडा अडकवून उतरवायचं. पळण्यात आणि रेंगाळण्यात जेवढी तफावत जास्त, तेवढे गुण जास्त.

विमान बांधण्यात भोवऱ्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण तिसऱ्या फेरीला त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पहिल्यांदा त्याने स्वतः उडवलं तेव्हा विमान एका बाजूला पडलं आणि हा दुसऱ्या. लोक धावत गेले, तर हा पालथा पडलेला आणि दोन्ही मुठींनी गवत घट्ट धरलेलं.

"अरे, सोड आणि ऊठ!"

"आधी तुम्ही जमीन थांबवा," तो म्हणाला, "मग मी गवत सोडतो."

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी कानात पाहिलं, डोळ्यांत पाहिलं आणि विचारलं, "असं कधी होतं?"

"फिरल्यावर."

"मग फिरू नका," असं म्हणून डॉक्टरांनी पुढच्याला आत बोलावलं.

तेव्हापासून भोवरा विमानं बांधायचा आणि उडवायचे दुसरेच. बहुतेक वेळा दातांचे डॉक्टर उडवायचे. त्यांचं डोकं फिरत नसे, पण जिंकल्यावर ते असं काही हसायचे की बत्तीसच्या बत्तीस दात मोजून घ्यावेत. भोवऱ्याला ते हसू बोचायला लागलं. "एकदा तरी," तो बायकोला म्हणाला, "माझं विमान मी उडवणार."

बायको पोस्टात खिडकीवर बसायची. रोज शंभर जणांच्या तक्रारी ऐकून तिला कशाचंच नवल उरलं नव्हतं. "उडवा की," ती म्हणाली. "पण पडायचं असेल तर जुनी पँट घालून पडा."

पहिला प्रश्न होता इंजिनाचा. भोवऱ्याकडे तीन इंजिनं होती आणि तिघांच्या तीन तऱ्हा. पहिलं जमदग्नी. चालू झालं की आग ओकायचं आणि वेग असा की विमान दिसेपर्यंत दुसरीकडे गेलेलं. पण हळू चालायला सांगितलं की तो त्याला अपमान वाटायचा आणि ते तडक बंद पडायचं. दुसरं समजूतदार. ते कितीही हळू चालायचं, पण पळायला सांगितलं तरी हळूच चालायचं. तिसरी रुसूबाई. ती पळायचीही झकास आणि रेंगाळायचीही झकास. फक्त सुरू व्हायचं की नाही हे ती स्वतः ठरवायची.

तिघांची परीक्षा घ्यायची म्हणून भोवऱ्याने एका दुपारी दुकानातल्या फळीवर जमदग्नी बोल्टांनी आवळला आणि सुरू केला. इंजिनाचा पंखा जमिनीकडे तोंड करून होता, आणि जमिनीवर होते सकाळपासून कापलेले केस. पुढच्या क्षणी दुकानात केसांचं वादळ उठलं. बाकावर वाट पाहत बसलेला गुळगुळीत गालांचा माणूस दाढीमिशांसकट बाहेर आला. एका टक्कल पडलेल्या गिऱ्हाइकाला तर शेजारच्या पाववाल्याने ओळखलंच नाही. त्यातून इंजिनाच्या इंधनात एरंडेल, आणि धुराड्यातून ते सगळ्यांच्या तोंडावर उडालेलं. एरंडेल प्यायल्यासारखे चेहरे म्हणतात ते त्या दिवशी गल्लीने ओळीने उभे पाहिले.

"आता परीक्षा मागच्या अंगणात," पाववाल्याने बजावलं. "माझ्या पावाला केस यायला लागलेत."

अंगणात महिनाभर खटपट चालली. जमदग्नीला हवेचं भोक लहान करून पाहिलं, मोठं करून पाहिलं; त्याचा स्वभाव काही बदलला नाही. समजूतदाराला जास्त तिखट इंधन पाजलं. तो नुसता ठसकला. शेवटी भोवऱ्याने रुसूबाईला खोलून तिची आतली झडप हाताने घासली, नवी नळी बसवली आणि निर्णय दिला, "हीच. नखरे करते, पण कामाची आहे."

राहिला प्रश्न चक्करेचा. तो सोडवला मेहुण्याने. बायकोचा हा धाकटा भाऊ सायकली दुरुस्त करायचा, आणि छर्रे बदलले की जगातली कुठलीही अडचण सुटते असा त्याचा ठाम विश्वास होता. दाढी करून घेता घेता तो अचानक ओरडला, "भावोजी! तुम्ही फिरूच नका!"

"डॉक्टरही हेच म्हणाले."

"अहो, तुम्ही बसा आणि खुर्ची फिरू दे!" आणि त्याने बसल्या बसल्या दुकानातल्या त्या जड, चामडी खुर्चीला गिरकी दिली. भोवऱ्याने वस्तरा वेळेवर वर केला म्हणून कान बचावला.

करून पाहिलं. आणि काय आश्चर्य! पाय जमिनीवर नसले, पाठ टेकलेली असली आणि नजर विमानावर ठेवली की भोवऱ्याला चक्कर येईना. मेहुण्याने खुर्चीत नवे छर्रे घातले, वंगण चोपडलं. आता खुर्चीला करंगळी लावली तरी ती गरगरायची.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मेहुणा हातगाडी घेऊन खुर्ची न्यायला आला, तर खुर्चीत एक गृहस्थ साबण लावून बसलेले. ते कोर्टातून निवृत्त झालेले बेलीफ होते, आणि आजच्या स्पर्धेचे मुख्य परीक्षकही. चारचौघांत नीट दिसावं म्हणून ते मुद्दाम दाढीला आले होते. डावा गाल झाला होता, उजवा व्हायचा होता.

"साहेब, उठता का जरा? खुर्ची न्यायचीय," मेहुणा म्हणाला.

"अर्ध्या दाढीने?" परीक्षक कडाडले. "मी आयुष्यभर लोकांना घराबाहेर काढलंय. मला कोणी काढलेलं नाही!"

"उठू नका मग."

मेहुण्याने पाववाल्याची दोन माणसं बोलावली आणि खुर्ची परीक्षकांसकट गाडीवर चढवली. गळ्याभोवती पांढरं कापड, एका गालावर फेस, अशा थाटात परीक्षक भर बाजारातून निघाले. ओळखीचे लोक नमस्कार करायचे आणि ते कापडाखालून हात काढून सगळ्यांना नमस्कार करायचे. भोवरा विमान काखेत घेऊन मागून चालत होता आणि गाडी थांबली की जमेल तेवढा उजवा गाल करत होता.

मैदानात खुर्ची मधोमध मांडली, तेव्हा दातांचे डॉक्टर तरातरा आले. "हा काय प्रकार आहे? वैमानिक खुर्चीत बसून उडवणार?"

परीक्षकांनी नियमांचं पुस्तक मागवलं आणि खुर्चीतून न उठताच ते वाचलं. "वैमानिक वर्तुळाच्या मध्यभागी असावा, एवढंच आहे. उभा की बसलेला, यावर पुस्तक गप्प आहे." मग जरा खाकरून ते म्हणाले, "शिवाय खुर्ची चांगली आहे. मी आत्ताच तिच्यातून आलोय." एवढं बोलून ते उतरले. उजव्या गालावरचा थोडा फेस आणि गळ्यातलं कापड तसंच राहिलं. सांगायची कोणाची छाती झाली नाही.

भोवरा खुर्चीत बसला. हातात दांडी, मागे मेहुणा. डेकवर बायको रुसूबाईचा पंखा बोटाने फिरवू लागली. रुसूबाई ढिम्म. पुन्हा फिरवला. ढिम्म. मैदान श्वास रोखून बघत होतं, आणि तेवढ्यात बायकोला काहीतरी आठवलं. "अहो," तिने तिथूनच हाक मारली, "निघताना गॅस बंद केला होता ना?" बोलता बोलता तिने सहज पंख्याला टिचकी मारली आणि रुसूबाई गर्जना करून सुरू झाली.

विमान सुटलं. भोवऱ्याच्या तोंडून "कुठला गॅस?" निघेपर्यंत एक फेरी झालीसुद्धा.

सात फेऱ्या अशा झाल्या की बघणाऱ्यांच्या माना दुखल्या. भोवरा खुर्चीत राजासारखा बसलेला, नजर विमानावर, डोकं अगदी ताळ्यावर. पण खुर्ची फिरवणारा मेहुणा तिच्याभोवती धावत होता! पाचव्या फेरीला त्याचे पाय तिरके पडू लागले. सातव्या फेरीला तो खुर्चीला नव्हे, खुर्ची त्याला फिरवत होती.

"भावोजी, मैदान हलतंय!"

"हलू दे! घोडा सोडलाय, आता हळू चाल!"

आणि रुसूबाई रेंगाळायला लागली. नाक वर, शेपटी खाली, पंख्याला लोंबकळल्यासारखं विमान फटफट करत पुढे सरकत होतं. एका चिमणीने त्याला मागे टाकलं आणि पुढे जाऊन वळून पाहिलं. परीक्षकांच्या हातातलं घड्याळ चालत होतं, पण विमान चालतंय का हे बघायला त्यांना चष्मा पुसावा लागला. दातांचे डॉक्टर म्हणाले, "हे उडतंय की वाळत घातलंय?" पण हसले नाहीत. इतकं सावकाश विमान त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं.

रेंगाळण्याचीही सातवी फेरी संपली. भोवऱ्याने श्वास धरला, मनगट अलगद वाकवलं. विमान डेकवर आलं, आकडा दोरीत अडकला आणि विमान जागच्या जागी थांबलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"जिंकलो भावोजी!" मेहुणा ओरडला आणि आनंदाच्या भरात त्याने खुर्चीला सगळ्या ताकदीने हिसका दिला.

नवे छर्रे, वर वंगण! खुर्ची जी गरगरली ती थांबेचना. तारा भोवऱ्याभोवती गुंडाळल्या, मग खुर्चीभोवती, मग पळायच्या बेतात असलेल्या मेहुण्याभोवती. दोघांची मोळी झाली. तिकडे ताणलेल्या तारांनी विमान डेकवरून ओढलं. ते गवतावर उड्या मारत निघालं आणि वाटेत त्याचा आकडा परीक्षकांच्या गळ्यातल्या कापडात अडकला. परीक्षक आधी एक पाऊल चालले, मग धावले, आणि अखेर खुर्चीपाशी येऊन भोवऱ्याच्या मांडीवर बसले.

धापा टाकत त्यांनी निकाल तिथेच सांगितला. विमान डेकवर पूर्ण थांबलं होतं. पुढे ते फिरायला गेलं, हा त्याचा खासगी प्रश्न.

भोवऱ्याचा दुसरा नंबर आला. पहिले दातांचे डॉक्टरच, कारण जमदग्नीसारखं पळणारं त्यांचं इंजिन वेगाच्या फेऱ्यांत फारच पुढे निघून गेलं होतं. पण बक्षीस घेऊन ते सरळ भोवऱ्याकडे आले आणि म्हणाले, "ती झडप कशी घासलीस ते मला दाखव." भोवरा तारांतून सुटल्यावर दोघं गवतावर मांडी घालून बसले आणि अंधार पडेपर्यंत रुसूबाईचे सुटे भाग रुमालावर मांडून भांडत राहिले. बायको गॅस बघायला केव्हाच घरी गेली होती.

पुढच्या वर्षी पुस्तकात एक ओळ वाढली: वैमानिकाने संपूर्ण उड्डाणभर उभं राहावं. परीक्षक दाढीला आले तेव्हा भोवऱ्याने त्यांना नीट फेस लावला, वस्तरा गळ्याशी टेकवला आणि मग विचारलं, "साहेब, उभं राहायचं, कबूल. पण जमिनीवरच असं कुठे लिहिलंय?"

परीक्षकांना बोलताही येईना आणि मान हलवताही येईना.

"हरकत नाही म्हणताय ना? मग झालं," भोवरा म्हणाला, आणि दाराकडे तोंड करून त्याने हाक मारली. बाहेर मेहुणा एका गोल फळीखाली छर्रे बसवत होता.